मागच्या फाटकाचं माप

थोरल्याने गळ्यातली टेप काढली, झुडपाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "घट्ट हवंय की सैल?"

फाटकाच्या गंजक्या कडीवर शिवणयंत्राचं तेल सोडत बसलेला धाकटा हसून हसून लवंडला. "दादा, अरे हे गिऱ्हाईक बोलत नाही!"

"दात नंतर काढ. टेपचं टोक धर."

"काटे आहेत."

"गुलाबाला काटे नसतील तर काय बटणं असतील? धर."

थोरली चहाचे पेले घेऊन मागच्या दारात उभी होती. नवऱ्याचं आणि दिराचं हे बोलणं ऐकून तिला हसू आलं. पुढे शिंपीकामाचं दुकान, मध्ये घर, मागे हे एवढंसं अंगण, आणि अंगण संपतं तिथे मागच्या गल्लीत उघडणारं फाटक. उघडणारं म्हणायचं आपलं. सासरे गेले त्याला वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत फाटकाच्या दोन्ही अंगांनी चढलेल्या गुलाबाने वर हातात हात घालून असं छप्पर धरलं होतं, की खालचं फाटक कुठल्या रंगाचं हेसुद्धा कुणाला आठवत नव्हतं. बाबांनी लावलेलं झाड. त्याला कात्री कोण लावणार? पाणी मात्र जो तो घालायचा. थोरला सकाळी, धाकटा संध्याकाळी, दोघं एकमेकांना न सांगता. दुहेरी पाण्यावर पोसून झाडाचं अंगही दुहेरी झालं होतं.

आज त्याला कात्री लागणार होती, कारण चार वाजता आई दवाखान्यातून यायच्या होत्या. यायच्या होत्या खऱ्या, पण कुठे, ते अजून ठरायचं होतं.

पडून मोडलेलं मांडीचं हाड जोडून झालं होतं. तीन महिने चाकाची खुर्ची आणि पायरी एकही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घराच्या पुढच्या दाराला पायऱ्या पाच. मागचं फाटक तेवढं गल्लीशी सपाट, आणि मागचं दार अंगणाशी. परवा नणंदेने फोनवर निकाल दिला होता, "फाटक उघडलं आणि खुर्ची आत आली तर बघू. नाहीतर गाडी तशीच माझ्या गावाला वळवते. माझ्याकडे लिफ्ट आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि वहिनी, पायाचं सोडा. मला आईच्या डोक्याची काळजी वाटते. तो तांबडा गुलाब..."

तांबड्या गुलाबाचं तिला सांगितलं होतं ते थोरलीनेच.

आईंचं ते जुनंच पालुपद. मी ह्या घरात आले तेव्हा फाटकावर तांबडा गुलाब होता, काळजासारखा गर्द. पुरावा म्हणून एक कृष्णधवल फोटो. नव्या नवरीच्या केसात काळंभोर दिसणारं फूल. "सावली पडली असेल," असं थोरला म्हणायचा. कारण लेकरांना आठवतं तेव्हापासून फाटकावर पांढराच फुलत आला होता. बारीक, झुपक्याझुपक्याचा, वर्षातून एकच आठवडा. ह्या वर्षी मात्र आई रोज विचारायला लागल्या, "तांबडा आला का गं? बघून ये." आणि थोरली एकदा फोनवर हसत बोलून गेली होती, "वन्सं, आईंचा पांढरा गुलाब पुन्हा तांबडा झाला बरं का!"

हसण्यावारी बोललेली गोष्ट. पण नणंद औषधांच्या दुकानात काम करायची. विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या रोज तिच्या हातून जायच्या. तिने ते हसण्यावारी नेलं नाही. तेव्हापासून स्वतःचंच ते हसू थोरलीला, शिवलेल्या कपड्यात राहून गेलेल्या टाचणीसारखं, हलेल तिथे टोचत होतं.

बावीस वर्षांपूर्वी ती ह्या घरात आली तेव्हा तिला साधं काज करता येत नव्हतं. पहिल्यांदा कापड कापायला कात्री उचलली आणि तशीच धरून राहिली, तेव्हा आईंनी मागून हातावर हात ठेवला होता. "घाबरतेस काय? चुकलं तर मोठ्याचं लहान होईल, लहानाचं रुमाल होईल. वाया काही जात नाही." त्या हाताची ऊब अजून मनगटावर होती. आणि त्याच हाताच्या बाईला आपण आपल्या तोंडाने वेडी ठरवून बसलो!

"आल्या वाटतं विरोधी पक्षनेत्या," धाकटा पुटपुटला.

नणंद दारातून अंगणात आली. हातात मोठी बॅग; रिकामी, म्हणून वाऱ्याने हेलकावत होती.

"आली का गोळीबाई!" थोरला झुडपात डोकं घालूनच ओरडला. "बॅग रिकामी आणलीस, रिकामीच न्यायचीस."

"दादा, फाटक अजून बंद आहे आणि घड्याळात बारा वाजलेत. कुणाचे बारा वाजलेत ते चारला कळेल. वहिनी, आईचे कपडे कुठल्या कपाटात?"

"चहा घ्या आधी, वन्सं."

"चहा नंतर."

"कपाटाची किल्ली सापडत नाहीये," थोरली म्हणाली. किल्ली तिच्या कमरेला होती. तिने पदर हळूच त्यावर ओढून घेतला.

"खुर्ची पंचवीस इंच," थोरला झुडपातून बोलत होता. "ढकलणाऱ्याचं सोड, बसणाऱ्याची कोपरं धरून एकतीस. वर पाच सैल. छत्तीस."

"तू खुर्ची मोजलीस? दवाखान्यात? टेप लावून?"

"मग काय डोळ्याने मोजू?"

"नर्स काय म्हणाली?"

"म्हणाली, खुर्चीला कोट शिवताय का."

नणंदेच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने तो लगेच जागेवर आणला आणि पेला घेतला.

हत्यारं म्हणजे सुताराकडून आणलेली करवत आणि शेजारच्यांची बागेची कात्री. दुकानात खिळ्याला आईंची मोठी कात्री होती, पण तिचं नाव कुणी काढलं नाही. ती कापडाची. धाकट्याने लहानपणी त्याच कात्रीने पतंगाचा कागद कापला होता, तेव्हा आई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

थोरल्याने फाटकाच्या मधोमध ओळंबा सोडला, तिथून उजवीकडे अठरा इंच मोजले आणि फांद्याफांद्यांवर पांढऱ्या खडूने खुणा केल्या. "ही तुझी रेघ. हिच्या आत येईल ते उडव. आणि डावीकडे हेच उलटं."

"डावीकडे वेगळं मोजायचं नाही?"

"सदऱ्याची डावी बाजू वेगळी मोजतोस का? कापडाला घडी घालतो, अर्ध्या अंगाचं माप आखतो, एकदा कात्री चालवतो. उलगडलं की दोन्ही बाजू जुळ्या बहिणी. घडीवर काप!"

शिंप्याचं पोर. त्याला ते पटलं. थोरलीलाही पटलं, हे नंतर तिने कबूल केलं. त्या घरात जन्मल्यापासून नाहीतर लग्नापासून प्रत्येकाने जगाकडे दुमडूनच पाहिलेलं.

उजवी बाजू मजेत झाली. फांद्या सपासप पडत होत्या, धाकट्याच्या बाहीला काटे लागत होते आणि तो काट्यांशी भांडत होता, "सोड की बाई, लग्न व्हायचंय माझं!" थोरली फांद्या ओढून ढीग लावत होती. कधी गुणगुणायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. आई मशीनवर बसल्या की म्हणायच्या ती ओवी:

*काट्याच्या गं दारी बाई, पाहुणा आला वारा*
*फाटला त्याचा सदरा, मी सुईत ओवला दोरा*

"आईची," नणंद म्हणाली. ती मागच्या दाराशेजारच्या ओट्यावर बसली होती. पेला कधीच रिकामा झाला होता, पण तो तिने खाली ठेवला नव्हता.

डाव्या बाजूला खडूची रेघ नेमकी एका मनगटाएवढ्या जाड खोडावरून गेली.

"दादा, खोड आडवं येतंय."

"माप काय म्हणतं?"

"माप म्हणतं काप."

"मग काप."

करवत चालली. कर्र कर्र कर्र, आणि शेवटी कट्. क्षणभर काहीच झालं नाही. मग वरच्या छपराने एक लांब श्वास सोडला आणि पाकळ्या यायला लागल्या. दहा-वीस नाही, वर्षातल्या त्या एकाच आठवड्याचा सगळा बहर एकदम सुटला. थोरल्याचं टक्कल, धाकट्याच्या भुवया, नणंदेचा पेला, सगळं पांढरं. चौघं एकमेकांकडे बघून हसत सुटली.

"पिठाच्या गिरणीतून आलास का रे?"

"आणि तू? म्हातारी दिसतेस, ताई!"

हसता हसताच धाकट्याने उजवीकडून लोंबणारी एक फांदी ओढली. ती सरसरत आली, ती डावीकडून. दुसरी ओढली. तीही डावीकडची. तिसरी ओढायची त्याला छाती झाली नाही.

छप्पर सगळंच्या सगळं त्या एका खोडाचं होतं. दोन झाडांनी हातात हात घातलेच नव्हते. एकानेच दोन्हीकडे हात पसरले होते, आणि त्याला त्यांनी मुळापासून वीतभर उंचीवर कापलं होतं.

हसू थांबलं. एकेक पाकळी मात्र पडतच होती.

"माप तुझं होतं," धाकटा हळूच म्हणाला.

"हात तुझा होता."

"घडीवर काप कोण म्हणालं?"

"आणि तुला दिसलं नाही? डोळे आहेत की काजं?"

बोलता बोलता थोरल्याच्या हातातली टेप सुटली. तो विहिरीत दगड टाकावा तसा ओट्यावर बसला. "बाबांना कापलं रे आपण."

आता नणंद बोलणार, असं थोरलीला वाटलं. तिने बोलावं, एवढं तिच्या हातात आयतं पडलं होतं. नणंद उठली, भावाच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "अंगठा दे."

"काय?"

"रक्त येतंय. काटा आहे आत. दे इकडे." पर्समधून चिमटा काढून ती वाकली. "आईला मी सांगेन, मी कापायला लावलं म्हणून. माझ्यावर तशीही रागावलेलीच आहे. आणखी थोडी रागावेल."

"ताई, तू तर विरोधी पक्षात!" धाकट्याने डोळे पुसत म्हटलं.

"गप रे. विरोधी पक्षालाही बाप असतो."

थोरलीला तिथे बसवेना. तिघं एकाच पोटची, एकाच ओट्यावर. त्यांना तसंच राहू द्यावं. ती उजव्या अंगाला ओणवी झाली आणि तळाचा कचरा काढू लागली. हाताला काही तरी करायला हवं होतं.

पडलेल्या फांद्यांखाली जमिनीलगत एक गाठाळ, काळपट बुंधा निघाला. फार तर अंगठ्याएवढा. त्याला एकच बारीक फांदी. ती वर गेली नव्हती. वर जागाच कुठे होती? ती आडवी, जमिनीच्या अंगाने सरपटत फाटकाच्या खालच्या फळीपर्यंत गेली होती, जिथे बोटभर फट होती आणि गल्लीतला उजेड आत यायचा. थोरलीने पान हातात घेतलं. रुंद, गडद पान, एका देठावर पाच. ढिगातलं एक उचललं. फिकं, बारीक, एका देठावर सात. तिने पुन्हा मोजलं. दोन वेगळी कापडं कुणी तरी एकाच ताग्यात गुंडाळली होती.

मग तिने फळीजवळचा पाला बाजूला केला आणि तिचा हात तिथेच थांबला.

तिने नवऱ्याला हाक मारली नाही. म्हणाली, "वन्सं, जरा इकडे या. एकट्याच या."

नणंद शेजारी येऊन टेकली. फटीकडे तोंड करून, कोटाच्या बटणाएवढी एक अर्धी उमललेली कळी होती. तांबडी. काळजासारखी गर्द.

नणंदेने एक बोट कळीला लावून पाहिलं.

"आई..." नणंदेच्या तोंडून नुसतं एवढंच आलं.

"वन्सं, फोनवर मी हसले होते ना, ती चूक माझी. मी बघायला गेलेच नव्हते. त्या रोज म्हणायच्या बघून ये, आणि मी दारात उभी राहून सांगायची, पांढराच आहे."

"वहिनी, तुम्ही नुसत्या हसलात," नणंद म्हणाली. "मी तर गोळ्यांचं नाव ठरवून बसले होते." तिने डोळे मिटले, उघडले, आणि एकदम वळून ओरडली, "ए टक्कल! ए भुवया! रडत काय बसलात? तीन वाजून गेले! हा पसारा गल्लीत खुर्चीच्या चाकात घालायचाय का?"

त्यानंतरचा पाऊण तास पुढे कुणालाच नीट आठवला नाही. थोरला ढीग ओढत होता, धाकट्याने कडीवर तेलाची उरलेली बाटली रिकामी केली, नणंद स्वतःच्या रुमालाने गंज पुसत होती आणि तिघं मिळून फाटकाला खांदा देत होती. "एक, दोन, माझा पाय!, तीन!" फाटक किंचाळत उघडलं. रंग हिरवा निघाला. "अरे हो! हिरवा!" तिघं लहान पोरांसारखी ओरडली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

गाडीच्या चालकाने खुर्ची उतरवली. आई टेकून बसल्या होत्या, मांडीवर दवाखान्याची पिशवी, आणि डोळे असे की गिऱ्हाईक दुकानात शिरायच्या आधीच माप घेऊन मोकळे. खुर्ची फाटकातून आत शिरली. उजव्या कोपरापासून काट्यापर्यंत अडीच इंच, डाव्या कोपरापासून अडीच इंच. थोरल्याने ताठ मानेने चालकाकडे पाहिलं. चालकाला काही कळलं नाही.

आईंनी डावीकडचं कापलेलं खोड पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "घडीवर कापलंत?"

"हो, आई," थोरला शाळकरी पोरासारखा म्हणाला.

"झाडाला घडीवर कुणी कापतं, गाढवांनो?"

"आई, बाबांचं झाड आम्ही..."

"कुठलं? ते?" आईंनी खोडाकडे हनुवटी उडवली. "ते रानटी. तुझ्या बाबांनी कलम लावलं होतं, तांबड्याचं. कलमाच्या खालचं मूळ असतं ना, ते रानटी असतं. ते वाटेखालून तिकडे जाऊन फुटलं आणि मातलं. बाबांचा हा, इकडचा. बारका."

धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. "मग इतकी वर्षं तू सांगितलं का नाहीस?"

"तांबडा, तांबडा म्हणून घसा कोरडा केला, तो काय हौसेने? पण बाबा गेल्यावर तुम्ही दोघं त्या पांढऱ्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागलात. खिडकीतून दिसायचं मला. त्याच्याशी बोलायचातही. तुम्ही त्याला बाप मानलेलं, मी कशी म्हणू कापा?" त्या थोडं थांबल्या. "काम अर्धंच झालंय. मुळासकट उपटा, नाहीतर पुन्हा येईल. आता सांगा, तांबडा आला का?"

ह्या वेळी थोरली दारात उभी राहिली नाही. तिने खुर्चीची मूठ चालकाच्या हातातून घेतली, आईंना फळीजवळ नेलं आणि पाला बाजूला केला.

"आलाय, आई."

आईंनी काही नवल केलं नाही. येणार म्हणून सांगितलेलं माणूस आलं की बघावं, तसं त्यांनी पाहिलं. फक्त त्यांचा हात थोरलीच्या मनगटावर आला. तिथेच, जुन्या जागी.

नणंद घरात पळत गेली आणि तशीच पळत बाहेर आली, हातात खिळ्यावरची मोठी कात्री. "आई, तूच काढ. तुझ्या हाताने. केसात माळ."

धाकट्याने नकळत एक पाऊल मागे घेतलं.

आईंनी कात्रीकडे पाहिलं. मग लेकीकडे. "कापडाची कात्री. झाडाला."

"अं... आई..."

"दवाखान्यात डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन विचारत होतीस ना, आईचं डोकं ठिकाणावर आहे का म्हणून? माझा पाय मोडलाय, कान नाही मोडलेले. आधी तुझं तपासून घे!"

पहिल्यांदा हसली ती नणंद. हसता हसता खुर्चीच्या चाकाजवळ खालीच बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून तसंच हसत राहिली. खांदे बराच वेळ हलत होते, आणि ते सगळंच हसणं नव्हतं. आईंनी तिच्या केसांतल्या पाकळ्या एकेक करून वेचल्या.

"फूल राहू दे तिथेच," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं अंधारात बसलंय. जरा ऊन खाऊ दे." मग त्यांची नजर ओट्यावर गेली. "ती बॅग कसली?"

थोरल्याने आकाशाकडे पाहिलं, धाकट्याने बुटांकडे. नणंदेचा चेहरा पडला.

"वन्संनी आणलीय," थोरली चटकन म्हणाली. "पांढरी फुलं न्यायला. म्हटलं, कापणारच आहोत तर वाया कशाला घालवायची?"

नणंदेने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग उठली, डोळे पुसले आणि फुलांच्या फांद्या बॅगेत कोंबायला लागली. थोरली शेजारी बसून एकेक आखूड करून देत होती. थोड्या वेळाने नणंद कुणाला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, "वहिनी, किल्ली कमरेला दिसतेय."

"सापडली वाटतं आत्ताच," थोरली म्हणाली.

"ठेवा जपून." बॅगेची चेन अर्ध्यावर अडली होती. "आता मला तिचं काही काम नाही."

खुर्ची घरात शिरत होती. मागे थोरला, पुढे धाकटा, दोघं एकमेकांना वाट दाखवत होते आणि दोघंही चुकीची. आतून आईंचा आवाज आला, "चेन ओढू नकोस गं, फाटेल! सैल भर! काटे आहेत, सांभाळून!" आणि मग, मशीनवर बसल्यासारखा, त्याच जुन्या लयीत:

*सदरा शिवून दिला, वारा मजुरी विसरला*
*जाता जाता दारी बाई, गंध सांडून गेला*